पडण्याचा धसका

नाशिकमध्ये घरोघरी जाऊन वयस्कर माणसांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. कुणाचा खुबा मोडून ‘बॉल’ बसवलेला असतो, कुणाचे गुडघे बदललेले असतात, कुणी पॅरालिसिसमधून सावरत असतं. पण अलीकडे ज्यांचं काहीच मोडलेलं नाही अशांच्या घरूनही बोलावणी येतात. एक्स-रे स्वच्छ, शुगर-बीपी आटोक्यात, आणि तरी माणूस सोसायटीच्या गेटपर्यंत जात नाही. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पडले तर?’

यातले बहुतेक जण एकटे राहतात किंवा नवरा-बायको दोघंच. गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, सिडको किंवा जेल रोड घ्या. मुलं पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर परदेशात. पडल्यावर उचलायला घरात कोणी नसेल तर भीती वाटणारच, त्यात चुकीचं काही नाही. पण ही भीती मनातच थांबत नाही. ती पायात उतरते, पाय दुबळे करते, आणि ज्या पडण्याला माणूस घाबरतो त्याच्याच जवळ त्याला नेऊन ठेवते. ही वाट उलटी चालता येते, कुठल्याही वयात. ती कशी, हे नीट समजावं म्हणून हा लेख.

भीती पायात कशी उतरते

आधी धोक्याचं बोलू, कारण धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६५ वर्षांपुढच्या शंभर माणसांपैकी २८ ते ३५ जण दरवर्षी पडतात, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं. जगभरात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल नंबर पडण्याचा. म्हणून ‘काही होत नाही हो, उगाच घाबरता’ असं मी कुणालाच म्हणत नाही. ते खोटं असतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते खोटं आहे हे कळतं.

पण भीतीचा हिशेब वेगळा चालतो. एकदाही न पडलेल्या माणसांनाही ती असते. शेजारणीचा खुबा मोडला आणि ती परत उठलीच नाही, एवढं बघणं पुरेसं होतं. १९८० च्या दशकात डॉक्टरांनी या भीतीला स्वतंत्र दुखणं म्हणून मोजायला घेतलं, आणि १९९० मध्ये मेरी टिनेटी या अमेरिकन डॉक्टरांनी त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ‘तुम्हाला भीती वाटते का?’ असं त्यात विचारलेलं नाही, कारण त्याला अनेक जण, विशेषतः पुरुष, ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. न पडता अंघोळ करता येईल, कपाटातली वस्तू काढता येईल, घराभोवती फिरता येईल याची किती खात्री वाटते, असं त्यात कामागणिक विचारलं आहे.

आता शरीरात काय होतं ते पाहू. उभं राहणं आपल्याला सोपं वाटतं, पण तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर लागते: डोळे, कानाच्या आतला तोल ओळखणारा भाग, आणि तळपाय व सांधे. वयोमानाने तिन्ही थोडे थोडे मंदावतात. मोतीबिंदू होतो, जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. तरीही उरलेल्या खबरीवर मेंदू भागवून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाही.

धसका बसला की माणूस हे काम मेंदूच्या हातून काढून स्वतःच्या ताब्यात घेतो. मान खाली जाते, नजर पायांवर खिळते. गुडघे आणि घोटे आखडतात, कारण सांध्याच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. पावलं तोकडी होतात, पाय उचलण्याऐवजी घासत जातात, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो, हात हलायचे थांबतात. दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं नेताना दुधाकडे टक लावून चाललं की ते हमखास हिंदकळतं, तसंच हे आहे. खरोखर ठेच लागते तेव्हा वाचवणारी गोष्ट एकच: झटकन टाकलेलं एक लांब पाऊल. आखडलेलं शरीर ते पाऊल टाकू शकत नाही.

हा झाला लगेचचा परिणाम. दुसरा परिणाम सावकाश होतो आणि जास्त नुकसान करतो. जिना नको, बाजार नको, सकाळचं फिरणं नको, असं करत करत पायांचं काम कमी होतं. उतारवयातले स्नायू काम न मिळाल्याची शिक्षा फार लवकर देतात. साठीपुढच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला; तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस सरासरी एक किलोच्या आसपास झडलं होतं. घरात बसणारा माणूस अंथरुणाला खिळलेला नसतो हे खरं, पण त्याचे दहा दिवसांचे दहा महिने होतात. मग खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. पोट साफ होत नाही, भूक मरते, दुपारी डुलकी आणि रात्री टक्क जाग, ऊन अंगाला लागत नाही, कुणाशी चार शब्द होत नाहीत आणि मन खचतं. सुरुवातीला भीती पायांच्या ताकदीपेक्षा मोठी होती. वर्षभराने पायच भीतीच्या मापाचे झालेले असतात.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सॉल्झबरी इथं दोन हजारांवर ज्येष्ठांची पाहणी झाली आणि २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. जे पडले होते त्यांच्यात पुढे भीती जास्त शिरली, आणि जे पडले नव्हते पण घाबरत होते ते पुढच्या काळात जास्त पडले. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढून आणतात.

भिंतीवरचा पट्टा

जेल रोड भागातल्या एका मावशींकडे गेले होते. निवृत्त शिक्षिका, पंच्याहत्तरीच्या आसपास, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वर्षभरापूर्वी बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून घसरल्या होत्या. मुका मार लागला, दुसरं काही नाही. पण बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या पिवळ्या डिस्टेंपरवर कोपराच्या उंचीला एक राखाडी पट्टा उमटला होता, रोज भिंतीला हात घासत जाऊन. दुधाची पिशवी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून वर यायची, भाजीही तशीच. अंघोळीला बादली अर्धीच भरायच्या. शाळेत आयुष्यभर उभं राहून शिकवलेल्या बाई घरातल्या घरात पाहुण्यासारख्या वावरत होत्या.

मी त्यांना हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायला लावलं आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठल्या-बसल्या. त्या वयाच्या बाईला हा आकडा चांगला आहे. मी तसं सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘म्हणजे माझे पाय अजून चांगले आहेत?’ होते. भीतीने सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगले होते.

त्याच जिन्यावर वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ऐंशी ओलांडलेले, तळपाय बधिर, तोल डगमगता. पण स्टुलावर चढून पंखा पुसणार आणि सोमवारी पहाटे एकटे रामकुंडावर जाणार. ‘मला काय धाड भरलीय?’ हे त्यांचं म्हणणं.

भीती आणि प्रत्यक्ष धोका यांची अशी फारकत किती जणांत असते, हे सिडनीतल्या संशोधकांनी मोजलं. ७० ते ९० वयाच्या ५०० जणांची नजर, मांडीची ताकद, तोल, पायांची संवेदना आणि प्रतिसादाचा वेग तपासून खरा धोका ठरवला, आणि भीती किती हे वेगळं विचारलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले. साधारण तिघांपैकी दोघांत भीती आणि धोका जुळत होते. उरलेल्यांत, एकूण पाचशेंच्या हिशेबाने, ११ टक्के मावशींसारखे होते: शरीर ठीक, भीती मोठी. २० टक्के काकांसारखे: धोका मोठा, भीती नगण्य. पुढच्या वर्षभरात कोण किती पडलं हेही त्यांनी पाहिलं. शरीर ठीक असूनही घाबरणारे अपेक्षेपेक्षा जास्त पडले. उदासपणाची लक्षणंही त्यांच्यात जास्त होती. न घाबरणारे मात्र धोक्याच्या मानाने कमी पडले, कारण ते हिंडते-फिरते होते, चार लोकांत मिसळणारे होते.

म्हणून मी काकांचं बाहेर जाणं बंद करायला कधीच सांगणार नाही. स्टूल तेवढं काढून घ्यायला सांगेन, आणि घाटावर सोबतीला कुणीतरी. मावशींना मात्र ‘जपून राहा’ हा सल्ला विषासारखा आहे, आणि सगळे त्यांना तोच देत होते.

घरच्या घरी मोजायचं

तुमची भीती तुमच्या पायांना साजेशी आहे की नाही, हे कळायला मशीन लागत नाही. घड्याळ, भिंतीला टेकवलेली बिनहाताची भक्कम खुर्ची आणि जवळ उभं राहणारं एक माणूस पुरे.

पहिली चाचणी मावशींनी केली तीच. हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या मापाप्रमाणे ७० ते ७४ वयात पुरुषांचे १२ पेक्षा आणि बायकांचे १० पेक्षा कमी होत असतील तर पाय कमजोर समजायचे. ८० ते ८४ मध्ये हेच आकडे १० आणि ९ आहेत. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर गुण शून्य, आणि कामाला लागायची वेळ झालेली आहे.

दुसरी तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, एका रेषेत, आधार न घेता उभं राहायचं. दहा सेकंद टिकता आलं नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. ही ओट्याजवळ करा, म्हणजे हात लगेच टेकता येईल.

तिसरी: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर म्हणजे दहा फूट नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं.

भीती मोजायची तर २००५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी टिनेटींच्या प्रश्नावलीवरून केलेली सोळा प्रश्नांची यादी आज जगभर वापरतात. अंघोळ, कपडे घालणं, जिना, उतार, निसरडी जागा, गर्दी, नातेवाइकांकडे जाणं, अगदी फोनची रिंग थांबायच्या आत फोनपर्यंत पोचणं. प्रत्येक वेळी पडण्याची काळजी किती वाटते याला एक ते चार गुण. मला ही यादी आवडते, कारण ती भीतीचे तुकडे पाडते. ‘मला बाहेर जायची भीती वाटते’ याचं काही करता येत नाही. ‘मेन रोडच्या गर्दीत धक्का लागेल याची भीती वाटते, पण सोसायटीत फिरायची नाही’ इथून काम सुरू करता येतं.

नुसतं फिरून भागत नाही

नाशिककरांना फिरण्याचं भारी वेड. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे बघा, सगळं साठीपुढचं नाशिक तिथे असतं. हृदयासाठी, शुगरसाठी, मनासाठी फिरणं उत्तमच. पण पडू नये म्हणून ते पुरत नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सपाट ट्रॅकवर सरळ चालताना तोलाची परीक्षाच होत नाही.

२०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेने १०८ अभ्यासांचा, २३ हजारांवर ज्येष्ठांचा, एकत्र आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं निघालं. तोलाचे व्यायाम आणि रोजच्या हालचालींचा सराव यांना ताकदीच्या व्यायामाची जोड दिली की घट ३४ टक्क्यांच्या आसपास जाते. नुसत्या चालण्याने काही फायदा होतो का, हे मात्र त्यात ठामपणे दिसलं नाही.

तोलाच्या व्यायामाचं मर्म असं: थोडं डगमगलं पाहिजे. अजिबात डगमगत नसाल तर तोल काही शिकत नाही. म्हणून आधार हाताशी हवा, पण हातात गच्च नको. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी सगळ्यात चांगली जागा. ओट्याला दोन्ही हात टेकवून टाचा उचलायच्या आणि खाली; मग पुढचे चवडे उचलायचे. ओट्याला धरून आडवं चालायचं, खेकड्यासारखं. चहा उकळेपर्यंत एका पायावर, मग दुसऱ्यावर. पहिले काही दिवस दोन हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात नुसते वर तरंगते. खुर्चीतून उठ-बस दहादा, जमल्यास दुपारी पुन्हा. पॅसेजमध्ये टाच-बोट जुळवत एका रेषेत जायचं, भिंत बाजूला असतेच.

मांडीच्या ताकदीसाठी जुन्या मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून घोट्याला बांधायचे आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात असाच घरी करायचा कार्यक्रम तयार झाला. घोट्याला वजनं, तोलाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास आणि जोडीला थोडं चालणं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं, आणि फायदा ऐंशीपुढच्यांना जास्त झाला. वय झालं म्हणून आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि सोडलं की तो जातो. गुडघे दुखत असले तरी यातलं बरंचसं करता येतं. पण दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं तर प्रमाण कमी करा. हृदयाचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

भीतीलाही सराव लागतो

पाय मजबूत झाले म्हणून भीती आपोआप जात नाही. मावशींचे पाय तर आधीपासूनच ठीक होते. टाळलेली गोष्ट जितके दिवस टाळाल तितकी ती मोठी होत जाते, आणि करून पाहिल्याशिवाय ती लहान होत नाही. म्हणून टाळलेल्या जागांची उतरंड लावायची, सगळ्यात सोपी आधी.

मावशींची उतरंड अशी होती: मधल्या वळणापर्यंत जिना उतरून परत, माझा हात न धरता, कठडा धरून. मग तळमजल्यापर्यंत. मग गेट. मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान, दुपारी गर्दी नसताना. मग तेच संध्याकाळी. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मगच पुढची. कंटाळा आला म्हणजे भीती ओसरली असं समजायचं. मधल्या वळणावर पहिल्यांदा पोचल्या तेव्हा छातीत धडधडत होतं, हात थरथरत होते. मी म्हटलं, थांबू या इथंच, परत नको फिरायला. जरा वेळाने धडधड आपोआप उतरली. घाबरून परत फिरलं असतं तर ‘पळाले म्हणून वाचले’ हेच मनावर ठसलं असतं. किराण्याच्या दुकानात पोचल्यावर त्यांनी कोथिंबिरीची जुडी स्वतः निवडली, दोन वेळा उलटून बघितली. टोपलीतून येणारी कोथिंबीर त्यांना वर्षभर पसंत नव्हती म्हणे.

भीतीबरोबर रडू येत असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं भाग आहे. तिथे लाज कसली.

काठीबद्दल थोडं. काठी हे कमजोरीचं सर्टिफिकेट नव्हे, पण चुकीची काठी पाडते. ताठ उभं राहून हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेला यावी. ज्या पायाला त्रास आहे त्याच्या विरुद्ध हातात धरायची. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

घर, घाट आणि गोळ्या

घरात सगळ्यात वाईट जागा मोरी आणि बाथरूम. कमोडच्या बाजूला आणि नळापाशी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. टॉवेलचा रॉड किंवा नळ धरून उठू नका, ते निखळतात. बसून अंघोळीला पाट नको, खुर्चीच्या उंचीचं रबरी पायांचं स्टूल घ्या. सैल पायपुसणं काढूनच टाका. बिछान्यापासून बाथरूमपर्यंत रात्री झीरोचा बल्ब. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कडक असते, आणि लोकरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणारे त्या दिवसांत घसरतात. मोज्यांवर मागून पट्टा असलेली, तळ खरखरीत असलेली चप्पल घाला. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत उंबरठे उंच आणि जिने शिडीसारखे उभे असतात. तिथे उंबरठ्याला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला काहीतरी करून घ्या.

गोदेच्या घाटावर पाणी ओसरल्यानंतरच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, कोरड्या दिसणाऱ्या पायऱ्याही निसटतात. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते उकरलेले असतील तिथून संध्याकाळी न जाता दिवसाउजेडी जा. सिटीलिंकच्या बसमध्ये चढल्यावर सीटवर बसेपर्यंत दांडा सोडू नका, आणि कंडक्टरला ‘बसू द्या’ असं स्पष्ट सांगा. सांगितलं की थांबतात.

चष्म्याबद्दल एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. जवळचा-दूरचा एकत्र असलेल्या चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते, कारण खालची काच वाचायची असते. नेहमी बाहेर हिंडणाऱ्यांनी बाहेरसाठी फक्त दूरचा चष्मा वेगळा करून घ्यावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पिकू दे’ म्हणून वर्षानुवर्षं लांबवू नका.

आणि गोळ्या. झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या, काही बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी तोल जातो किंवा उठल्यावर अंधारी येते. झोपून उठल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरत असेल तर पडण्याचं कारण तिथे आहे. डॉक्टरांना झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी घ्यायला सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ड जीवनसत्त्वाच्या पुड्याही मनाने घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला तर त्या कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या, हे २०१० मध्ये सिद्ध झालं आहे.

लांब राहणाऱ्या मुलांना एक विनंती. रोजच्या फोनवर ‘आई, तू कुठे जाऊ नकोस गं, पडशील’ हे वाक्य प्रेमापोटीच येतं, मला माहीत आहे. पण ते रोज ऐकणाऱ्या आईला तेच खरं वाटायला लागतं. आज कुठवर गेलीस, कोण भेटलं, व्यायाम झाला का, हे विचारा. दिवाळीला याल तेव्हा टीव्ही घेण्याआधी बाथरूमचे दांडे बसवून द्या.

पडलोच तर

एकट्या माणसाला खरी धास्ती पडण्याची कमी आणि पडून राहण्याची जास्त असते. ती रास्त आहे. तासाच्या वर जमिनीवर पडून राहिलं तर स्नायू दबून खराब होतात, अंगातलं पाणी कमी होतं, किडनीवर ताण येतो. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्यांच्या पाहणीत दिसलं की मदतीचं बटण जवळ असूनही पडल्यावर बहुतेकांनी ते दाबलंच नाही. त्यामुळे उपकरणापेक्षा तयारी महत्त्वाची.

जमिनीवरून उठायचा सराव आधीच करून ठेवावा, सतरंजीवर, कोणीतरी जवळ असताना. पडल्यावर लगेच धडपडून उठायचं नाही. श्वास घ्यायचा, हात-पाय हलवून बघायचे. खुब्यात तीव्र कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटत असेल तर उठू नका. तसं काही नसेल तर आधी कुशीवर वळा, कोपरावर रेटा देत हात आणि गुडघ्यांवर या, रांगत जवळच्या खुर्चीपाशी किंवा खाटेपाशी जा. दोन्ही हात तिच्यावर टेकवा, ज्या पायात जास्त जोर आहे त्याचं पाऊल पुढे रोवा, उठा, वळा आणि बसा. पाच-दहा मिनिटं बसूनच राहा. गुडघे टेकवत नसतील तर बसल्या बसल्या मागे सरकत दारापर्यंत किंवा फोनपर्यंत जाता येतं. हाही सराव करून बघा. अजिबात उठता येत नसेल तर पाय हलवत राहा, हाताला लागेल ती चादर ओढून घ्या, ताटली फरशीवर आपटून आवाज करा.

मोबाइल टेबलावर नको, गळ्यातल्या पिशवीत किंवा खिशात, बाथरूमला जातानाही. शेजारच्यांकडे किल्ली द्या, आणि मग रात्री आतून कडी लावू नका, नाहीतर त्या किल्लीचा उपयोग नाही. लॅचचं कुलूप पुरे. एकटं असताना बाथरूमची कडीही लावू नका. शेजाऱ्यांशी रोजची एक खूण ठरवा, सकाळी आठपर्यंत गॅलरीचं दार उघडलं नाही तर बेल वाजवायची. रुग्णवाहिकेला १०८, तातडीच्या मदतीला ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. तातडीसाठी नाही, पण सल्ला, माहिती आणि मनातलं बोलायला.

आणि पडलात तर लपवू नका. ‘मुलं वृद्धाश्रमात टाकतील’ या धास्तीने किती जण मुका मार साडीखाली, बाहीखाली झाकून ठेवतात. चक्कर येऊन पडलात, काही क्षण शुद्ध हरपली, वर्षात दोनदा पडलात किंवा कशाने पडलात हेच आठवत नाही, तर आठवडाभरात डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली असेल तर त्याच दिवशी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर बरं वाटत असलं तरी थेट हॉस्पिटल गाठा, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही कळतो. घरातल्या गोळ्यांची पाकिटं सोबत पिशवीत टाकून न्या.